राणीचा चेहरा

“पुस्तकात जादू असते, हे मुलांना कुणीतरी दाखवायला नको का, बुवा?”

मकरंदचा आवाज नकळत चढला होता.

नरहरबुवा मठाच्या ओसरीत बसून एका फाटक्या पुस्तकाच्या पाठीला खळ लावत होते. नदीकाठच्या त्या मठात देव एकच होता. पुस्तकं मात्र भिंतभर.

मकरंद इथेच लहानाचा मोठा झाला. आई गेली तेव्हा या पोराची वाचाच बसली होती. बुवा त्याला रोज जवळ बसवून हरवलेल्या राणीची गोष्ट वाचून दाखवत. एकदा ते मध्येच थांबले. तेव्हा महिनोन्महिने मुका असलेला मकरंद म्हणाला होता, “पुढे?”

आता तो नावाजलेला दिग्दर्शक होता. तीच गोष्ट त्याने पडद्यावर आणली होती. पुस्तक उघडून फुंकर घातली की पानांतून सोनेरी उजेड उसळतो, पंखांचा घोडा झेपावतो, राणी समोर उभी राहते. माणसं पोराबाळांसकट चित्रपटाला लोटली होती. सकाळीच गावाने सत्कार केला. ती शाल तशीच खांद्यावर ठेवून तो बुवांच्या पाया पडायला आला होता.

“तुम्ही मला जे दिलंत, तेच मी लाखो पोरांना दिलं,” तो म्हणाला.

“हिलाही?”

बुवांनी मानेनेच दाखवलं. कपाटापाशी मकरंदची मुलगी, जाई, फतकल मारून बसली होती. पुस्तक उघडायची. फुंकर घालायची. वाट बघायची. मग ते मिटून बाजूला सारायची आणि दुसरं ओढायची.

मकरंद बघत राहिला...

शेवटी जाई कंटाळून उठली.

“बाबा, इथली सगळी बंद पडलीत.”

“अगं, खरंच काही बाहेर येत नसतं. ते वाचायचं असतं.”

“मग तू पिक्चरमध्ये खोटं दाखवलंस?”

मकरंद हसायला गेला. हसू आलं नाही.

बुवांनी खळीची वाटी बाजूला ठेवली.

“मी वाचायचो, तेव्हा पानांतून काय निघायचं रे?”

“काही नाही.” मकरंद जरा थांबला. “तुम्हाला खोकला यायचा. वाचता वाचता थांबून पाणी प्यायचात.”

“आणि राणी?”

“ती दिसायची.”

“कशी?”

मकरंदने शाल उगाचच सारखी केली. पुस्तकात राणीचं चित्र नव्हतं. चेहऱ्याचं वर्णनही नव्हतं, नुसतं ‘राणी’ एवढंच.

“आईसारखी,” तो हळूच म्हणाला. “कपाळावर गोंदण असलेली. म्हणून तर पुढे ऐकायचं होतं... ती सापडते का, ते.”

बुवांनी जाईला जवळ बोलावलं.

“बाळ, डोळे मीट बघू. मी नुसतं ‘राणी’ म्हणतो. कोण दिसतं?”

जाईला क्षणही लागला नाही.

“बाबांच्या पिक्चरमधली ताई!”

“दुसरं कुणी?”

“दुसरं कोण असणार? राणी तीच आहे.”

जाई नदीकडे पळाली.

मकरंदने डोळे मिटले. बुवांचा तो खोकला आठवला, त्यांच्या मांडीची ऊब आठवली. राणी वळली... लांब पापण्या, रंगवलेले ओठ, कपाळ कोरं. त्यानेच निवडलेला चेहरा, त्यानेच पाडलेला उजेड. त्याने डोळे आणखी घट्ट मिटले. गोंदण कुठे होतं, भुवयांच्या मधोमध की जरा वर?

बराच वेळ गेला. डोळे उघडले तेव्हा ते भरून आले होते.

“बुवा... मलाही तीच दिसतेय.”

बुवांनी पुस्तक पुन्हा मांडीवर घेतलं.

“मग चित्रपट चांगला झाला असणार.”