सैल पकड

पूर्वी वेत्रवतीच्या काठी एका नगरात सुरुची नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व मल्लांच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव धृतक. नंदिय हा त्याचा आखाड्यातला जोडीदार. रोज सकाळी दोघे मातीत उतरत. एकाने पकड घालायची, दुसऱ्याने ती तोडून सुटायचे, मग पाळी बदलायची. जीव कासावीस झाला तर मातीवर तीनदा हात आपटायचा, आणि समोरच्याने तत्काळ सोडायचे, असा आखाड्यातल्या सरावाचा रिवाज होता; खऱ्या कुस्तीत तो चालत नसे.

नंदिय अंगाने दणकट, पण मनाने भारी हळवा. पाठीवर बसून मानेला घातलेली पकड त्याला काही केल्या सुटत नसे. हनुवटी छातीशी रोवायची सोडून तो कोपरांनीच झटापट करी, आणि मग त्याचे तोंड एवढेसे होई. ते धृतकाला बघवत नसे. तो हळूच बोटे सैल करी. नंदिय सुटे, शड्डू ठोकी, लहान मुलासारखा हसे, आणि धृतकालाही बरे वाटे. खरे सांगायचे तर जरा जास्तच बरे वाटे. अशी दोन वर्षे गेली.

मग कालसेन नावाचा परदेशी मल्ल नगरात आला. मानेची तीच पकड म्हणजे त्याचा हातखंडा होता, आणि तीन नगरांतले तीन मल्ल तिच्यातून जिवंत उठले नव्हते. पौर्णिमेला याच्याशी कोण लढतो, असे राजाने विचारले. जिंकणाऱ्याला राजमल्लाचे पद मिळणार होते. धृतक काही बोलायच्या आत नंदिय पुढे झाला.

"मी लढतो, महाराज. ती पकड तर मी रोज सोडवतो!"

राजाने विडा पुढे केला, नंदियाने तो उचलला. आता माघार नव्हती. पौर्णिमा नऊ दिवसांवर होती.

आखाड्यात येताच धृतक म्हणाला, "नंदिया, ती पकड तू एकदाही सोडवलेली नाहीस. मीच सोडत होतो."

"पद तुला हवं होतं, म्हणून असं बोलतोयस."

"मग ये. बघू."

त्या दिवशी धृतकाने बोटे सैल केली नाहीत. नंदियाला मातीवर हात आपटावा लागला. पुन्हा पकड, पुन्हा तेच. भोवतीचे मल्ल फिदीफिदी हसू लागले. नंदियाचे डोळे भरून आले. "दोन वर्षं मला खेळवलंस!" असे म्हणून त्याने मूठभर माती धृतकाच्या अंगावर फेकली आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. तिसऱ्या दिवशी धृतक त्याच्या दारात जाऊन बसला. नंदियाची आई बाहेर आली.

"काय केलंस रे याला? परवापासून पोर जेवलं नाही."

"मावशी, चूक माझी आहे. खरं सांगायला मी फार उशीर केला. जन्मभर माझ्याशी बोलला नाही तरी चालेल, पण पौर्णिमेला तो मरायला नको."

नंदिय दाराआडून ऐकत होता. तो बाहेर आला आणि आखाड्याकडे चालू लागला.

पाच दिवस तो हरत राहिला. धृतक दर वेळी तेवढीच घट्ट पकड घाली आणि म्हणे, "आधी हनुवटी. कोपर नंतर." सहाव्या दिवशी नंदियाने हनुवटी रोवली, कूस बदलली, आणि धृतकाचा अंगठा मोडून तो बाहेर आला. धृतक कळवळला, तरी म्हणाला, "आता खरा सुटलास." नंदियाने शड्डू ठोकला नाही. त्याने उपरण्याची पट्टी फाडून तो अंगठा बांधला.

पौर्णिमेला कालसेनाने ती पकड घातली. सारे नगर श्वास रोखून बघत होते. क्षणभर नंदिय हललाच नाही. मग मातीने माखलेला तो कालसेनाच्या हातांतून निसटून उभा राहिला. सूर्य मावळला तरी निकाल लागेना, तेव्हा राजाने कुस्ती बरोबरीत सोडवली. पद कुणालाच मिळाले नाही.

कालसेन धापा टाकीत म्हणाला, "यातून आजवर कुणी सुटलं नव्हतं. तुला कुणी शिकवलं?"

"ज्यानं मला दोन वर्षं फसवलं, त्यानंच," नंदिय म्हणाला, आणि गर्दीतून वाट काढत जाऊन धृतकाच्या गळ्यात पडला.

ही कथा सांगून शास्ता बुद्ध म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा नंदिय म्हणजे सोबत्याने चूक दाखवली म्हणून सकाळपासून विहाराबाहेर रुसून बसलेला हा आपला भिक्षू. कालसेन आज उपासक होऊन तुमच्यातच बसला आहे. आणि धृतक मी होतो. मित्र दुखावला तरी त्याला खरे तेच सांगायचे, यालाच सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, म्हणतात. तिचा पहिला धडा मी मित्राचा जीव टांगणीला लावून शिकलो."