विरलेल्या लुगड्यावरची वेल

फार वर्षांपूर्वी अनसूयाबाईंकडे भरतकामाचं मशीन होतं. नातीच्या गोधडीसाठी त्यांनी आईचं जुनं लुगडं काढलं.

"हे विरलंय. यावर मोर काढला तर फाटेल," मशीन म्हणालं.

"फाटू दे, पण मला पुन्हा पेटीत ठेवू नका," लुगडं म्हणालं.

बाईंनी मशीन हळूच चालवलं, तरी मोराच्या मानेपाशी लुगडं टर्रकन फाटलं.

"सांगितलं होतं मी!"

बाई फाटलेल्या जागेकडे बघत राहिल्या. मग खाली नवं कापड लावून त्यांनी फाटलेल्या कडेनंच मशीनवर हिरवे टाके घातले. तिथे नागमोडी वेल उमटली.

"हा नमुना माझ्यात नव्हता," मशीन म्हणालं.

"माझ्याही डोक्यात नव्हता. लुगड्यानं दाखवला."

 मग मशीननं लुगड्यालाच विचारलं, "आता कुठे वळू?"