सुटे शेंडे

डोंगरात अजून कुऱ्हाड पोचली नव्हती, तेव्हाची गोष्ट. ताम्या नावाच्या शेकरूने ओढ्यावर वेलींचा पूल विणला होता. पलीकडच्या उंबरांवर सगळं रान त्याच पुलावरून जाई.

एका थंडीत ताम्या गेला. त्याची बायको भुरी पुलाची राखण करू लागली. वेलींचे शेंडे लोंबते सोडायची ताम्याला खोड होती; भुरीने ते कुरतडून साफ केले. कुणी नवी वेल आणली तर ती म्हणे, "ह्यांच्या गाठींना हात लावायचा नाही." वेली सुकत गेल्या. एकदा उदमांजराचं पिल्लू पुलावरून पडता पडता वाचलं. मग तिकडे कुणी फिरकेना.

पावसाच्या तोंडावर वानर वेल घेऊन आला. "वहिनी, पहिल्याच पुरात पूल जाईल. शेंडे कुठे गेले?"

"मी काढले. गबाळे दिसायचे."

"अहो, पुढच्याला वेल जोडता यावी म्हणून सोडायचा तो! ही वाकडी गाठ माझीच आहे."

त्याच गाठीवरून भुरी रोज ताम्याची समजून पंजा फिरवत असे.

"भावोजी, अजून वाकडीच येते का तुमची गाठ?"

"त्याहून वाईट."

भुरीने आपल्या दातांनी जुन्या गाठी सैल करून दिल्या. खारी आल्या, उदमांजर आलं. ज्याला जशी जमली तशी त्याने वेल गुंफली. शेवटची गाठ भुरीने मारली. उरलेला शेंडा सवयीने दातांत धरला आणि मग हळूच सोडून दिला.

तो वाऱ्यावर हलत राहिला.