अर्धं शाकारलेलं छप्पर

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावाचं नाव आता कोणालाच सांगता यायचं नाही. लहानांनी ती कान देऊन ऐकावी आणि मोठ्यांनी मन देऊन, कारण त्या गावात चूक केली ती मोठ्यांनीच.

डोंगराच्या कुशीतलं ते गाव. घरं गवताने शाकारलेली आणि माणसं मनाने मऊ. जरा जास्तच मऊ. गावाची एक रीत होती. कोणी आजारी पडलं, की प्रत्येक घरातून एक माणूस हळहळ करायला जायचं. आजाऱ्याच्या पायथ्याशी बसायचं, डोळ्यांना पदर लावायचा आणि पूर्वी असंच होऊन कोण कोण गेलं ते सांगायचं. जो जास्त रडेल त्याची माया जास्त, असं सगळे धरून चालत. ज्याच्या डोळ्यांत पाणी नाही तो माणूस नव्हे, धोंडा!

ही माणसं खोटी नव्हती हो. त्यांची माया खरीच होती. पण खरी माया शहाणी असतेच असं नाही.

त्या गावात भिवबा नावाचा शाकारणारा राहायचा. साऱ्या गावाची छपरं त्याच्या हातची. एकदा तो शेजारच्या पारूकाकूचं छप्पर शाकारत होता. काम अर्ध्यावर आलं होतं. एवढ्यात शिडीची पायरी मोडली आणि भिवबा खाली आला. मांडीचं हाड मोडलं.

वैद्यबुवांनी हाड बसवलं, बांबूच्या कामट्या लावून पाय घट्ट बांधला. "मोड सरळ आहे," ते म्हणाले. "वेळ लागेल, पण भिवबा, तू पुन्हा शिडी चढशील."

भिवबाने मान डोलावली. तेवढंच ऐकून तो निजला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण वैद्यबुवा गेले आणि गाव आलं.

"माझा मामा असाच पडला होता रे," एक जण म्हणाला. "पुन्हा काही उठला नाही."

"या वयात हाड मोडलं, की माणूस आतून खचतो," दुसरा म्हणाला.

तिसऱ्याने नुसताच लांब सुस्कारा सोडला. तो तर सगळ्यांत वाईट.

पारूकाकू रोज यायची. भिवबा पडला तो तिच्याच छपरावरून, त्यामुळे तिच्या जिवाला घोर लागला होता. "माझ्या घरापायी गेलास रे बाबा," असं म्हणून ती हुंदके द्यायची. आणि ज्याला 'गेलास' म्हणायची तो तिच्यासमोर धडधडीत जिवंत पडलेला!

पाय आतून सांधत होता, पण भिवबाची भूक गेली. झोप उडाली. डोळे मिटले, की तो पुन्हा शिडीवरून पडायचा. अंगात बारीक ताप राहू लागला. गाल बसले, आवाज खोल गेला. ते पाहून गाव आणखी रडलं आणि गावाचं रडणं ऐकून भिवबा आणखी वाळला.

एके दिवशी वैद्यबुवांनी कामट्या सोडल्या, मांडीवरून हात फिरवला आणि ते खूश झाले. "जुळलं हाड! टेक पाय."

भिवबाने पाय खाली सोडला. त्याला दरदरून घाम फुटला. त्याने पाय पुन्हा अंथरुणात ओढून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. "नको, वैद्यबुवा. यातून कोणी उठत नाही."

वैद्यबुवा ओसरीवर आले. तिथे भिवबाची बायको आणि नवी सून तानी उभ्या होत्या. "हाड मी जोडलं," वैद्यबुवा म्हणाले, "पण माणूस अजून शिडीखालीच पडलाय. मनात भीती बसली, की घास उतरत नाही, डोळ्यांना झोप नाही. मग माझं औषध काम करणार तरी कशाच्या जोरावर? असाच झुरत राहिला तर पाय धड असून जीव जाईल."

बायको एक पाऊल पुढे आली. "मग यावर काही मात्रा, चाटण?"

"भीतीवरची मुळी माझ्या बटव्यात नाही, बाई. ज्यांनी भीती आणून ठेवली, त्यांनीच ती परत न्यायला हवी."

तानी घाटापलीकडची. ती रडत नाही म्हणून गावाने तिला केव्हाच धोंडा ठरवलं होतं. ती म्हणाली, "आत्याबाई, माझ्या माहेरी आजाऱ्याकडे कोणी रडत जात नाही. काम घेऊन जातात. 'बरा झालास की माझं एवढं करून दे' असं सांगून येतात."

"आजाऱ्याला काम सांगायचं? अगं, जनाची नाही तर मनाची तरी!"

"काम सांगितलं, की त्याला कळतं, आपल्यावाचून कोणाचं तरी अडलंय. वाट बघणारं कोणी असलं, की माणूस उठायला बघतो."

दुसऱ्या दिवशी तानी उंबऱ्यातच उभी राहिली. येईल त्याला म्हणाली, "आत जा, पण रडणं वहाणांपाशी ठेवून जा. आणि मामंजींना एखादं काम सांगून या."

गाव खवळलं. सून आहे की कैदाशीण, असंही म्हणून झालं. पण भिवबावर जीव होता, म्हणून माणसं कुरकुरत आत गेली. आत गेल्यावर पंचाईत! जन्मभर रडायचीच सवय, बोलायचं काय? एक जण बराच वेळ डोकं खाजवून म्हणाला, "भिवबा, आमच्या रेडकाला शिंगं फुटलीत. बघायला ये." दुसऱ्याने कोंबड्यांच्या खुराड्यावर छप्पर मागितलं. तिसऱ्याला गोठा वाढवायचा होता.

"आता मी कसला येतोय," भिवबा भिंतीशीच बोलायचा. पण माणसं गेल्यावर पडल्या पडल्या तो विचार करी, खुराड्याला गवत कितीसं लागेल? त्या रात्री स्वप्नात तो शिडीवरून पडला नाही. तो खुराडं शाकारत होता.

मग पारूकाकू आली. उंबऱ्यातच तिचे डोळे भरले. "मी याला काय काम सांगू गं? ज्या कामाने पाडलं, तेच?"

"तेच सांगा, काकू."

म्हातारीने डोळे पुसले. आत जाऊन ती भिवबाच्या उशाशी बसली. "भिवबा, माझं छप्पर अर्धंच राहिलंय रे. पावसाळा तोंडावर आलाय. तुझा लेक सकाळपासून वर चढलाय. पण तो आपला आढ्याकडून पेंढ्या लावत खाली येतोय."

भिवबाचं तोंड भिंतीकडून वळलं. "आढ्याकडून?"

"हो."

"आणि खाली येतोय?"

छप्पर शाकारतात ते खालच्या वळचणीपासून वर, आढ्याकडे. म्हणजे वरची पेंढी खालच्या पेंढीवर बसते आणि पाणी घसरून जातं. उलटं केलं, की सगळं पाणी घरात. हे भिवबाच्या घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

"वळचणीचं पाणी आढ्याला न्यायचंय का त्या गाढवाला?" भिवबा असा ओरडला, की बायको चुलीपासून धावत आली. "तानी, धर मला!"

एका अंगाला सून, दुसऱ्या अंगाला पारूकाकू, असा तो अंगणात आला. आपल्याला उभं राहता येत नाही, हे त्याला तिथे आल्यावर आठवलं! पाय लटपटले, तो मटकन ओट्यावर बसला. पण पाय जमिनीला लागले होते आणि ते त्याला कळलं होतं. तिथे बसून त्याने लेकावर घसा बसेपर्यंत तोंडसुख घेतलं. मग भाकरी मागितली. ती संपवून आणखी एक मागितली. बायको पदराआड रडली, पण त्या रडण्याला कोणी हरकत घेतली नाही.

आता लेक खरंच चुकला होता, की तानीनेच त्याला चुकायला लावलं होतं, हे मला ठाऊक नाही. तिला विचारलं, की ती नुसती हसायची.

भिवबा काही एका दिवसात धावू लागला नाही. अधूनमधून भीती परत यायची, पाय मागे घ्यायला लावायची. तो थोडा लंगडाच राहिला. पण ताप गेला, अन्न अंगी लागलं, आणि पारूकाकूच्या छपराची शेवटची पेंढी त्याने स्वतःच्या हाताने बांधली.

पुढे काही काळाने पारूकाकूच तापाने अंथरुणाला खिळली. सवय का अशी सुटते? गाव तिच्या अंगणात गोळा झालं आणि कोणीतरी सुरू केलं, "माझी आत्याही अशीच..."

आत म्हातारीने ते ऐकलं. तिचे हातपाय गार पडले, छाती धडधडू लागली. आपण रोज उठून भिवबाच्या कानात काय ओतत होतो, हे तिला त्या घडीला कळलं. तिला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात भिवबा लंगडत आला. काखेत गवताचा भारा होता. तो तिच्या उशाशी बसला. "काकू, तुझं छप्पर विरलंय. यंदा पुन्हा शाकारायला हवं. खालून पेंढ्या बांधून द्यायला तुझ्यासारखं माणूस गावात नाही. उठतेस ना?"

म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"रडू नकोस, काकू."

"रडू दे रे. हे रडणं निराळं आहे." मग तिने भाऱ्याकडे हात नेला आणि गवत चाचपून पाहिलं. "यावर पाणी नाही शिंपडलंस? कोरडं बांधलं तर मोडेल ना! आणि आधी मला वाटीभर पेज दे."

अंगणातलं रडणं थांबलं. दारातून कोणीतरी हळूच म्हणालं, "काकू, माझी गोधडी अर्धीच राहिलीय. टाके तूच घालायचेस."

पाऊस यायच्या आधी पारूकाकू अंगणात बसून पेंढ्या बांधत होती आणि गवत ओलं नाही म्हणून भिवबाला बोल लावत होती.

तात्पर्य: औषधाने शरीर सांधतं, पण उठायचं बळ मनातून येतं, म्हणून आजाऱ्याच्या उशाशी आपली भीती ठेवून येऊ नये, त्याची वाट बघणारं एखादं काम ठेवून यावं.