घर नको, जागा द्या

जुनी घरं आहेत तशी विकत घेणारे रणदिवेशेठ चिपळुणात द्वारकाकाकूंचं घर बघायला आले.

"छप्पर गळतंय, भिंतींना ओल आलीय. या घराचा छदामही धरणार नाही. फक्त जागेचे पैसे देईन."

"आणि जिना करकरतो, तो राहिलाच की!" काकू म्हणाल्या.

शेठ गोंधळले. विकणारी बाईच घराला नावं ठेवते?

"घर तुम्हाला नकोच ना? मग उद्या सुतार बोलावून खांब, तुळया, दारं उतरवून नेते. जागा मोकळी करून देते."

मघापासून खांबावरून हात फिरवणारे शेठ आणखीच गोंधळले. "अहो, खांब कशाला नेता? अस्सल सागवान आहे ते!"

"ठाऊक आहे हो मला. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. बोला आता, घराचे किती?"