टेकडीकडे वळलेली म्हैस

खूप जुनी गोष्ट. तेव्हा जनावरं बोलत असत, आणि मुख्य म्हणजे एकमेकांचं ऐकतही असत.

एका रानात रानम्हशींचा कळप होता. त्यांना राजा नव्हता. संध्याकाळी पाण्यावर निघण्याआधी प्रत्येक जण उठून, जिकडे जावंसं वाटे तिकडे तोंड करून उभा राही. जास्त तोंडं जिकडे, तिकडे कळप जाई. बाकीचे कुरकुरत का होईना, मागोमाग येत.

एका उन्हाळ्यात दोनच पाणवठे उरले, खालचा डोह आणि टेकडीवरचा झरा. एक दांडगा रेडा म्हणाला, "डोहावरच जायचं!"

बरं, म्हणू दे की! ओरडला, तेही चालेल. पण मग त्यानं शिंगं खाली केली. "जो टेकडीकडे तोंड करील तो वाघाला फितूर! त्याचं पोट फाडीन!"

झालं! सगळे मूग गिळून डोहाकडे वळले.

एका म्हशीला मात्र डोहाकडून वाघाचा वास आला होता. पायाशी तिचं नुकतं जन्मलेलं रेडकू. ती टेकडीकडे वळली.

दांडगा शिंगं रोखून धावला. तेवढ्यात एक म्हातारा रेडा आडवा आला.

"आजोबा, बाजूला व्हा! तुमचंही तोंड डोहाकडेच होतं ना?"

"होतं की. टेकडी चढताना माझे गुडघे बोलतात रे बाबा. पण तिला हवं तिकडे वळू दे. आज तू तिला भोसकलंस, तर उद्या मला तरी वळू देशील का?"

हे ऐकून आणखी काही जण म्हाताऱ्याशेजारी येऊन उभे राहिले. दांडगा थबकला.

मग एक म्हैस चाचरत म्हणाली, "वास मलाही आला होता."

"अगं, मलाही!"

बघता बघता निम्म्याहून जास्त तोंडं टेकडीकडे वळली. कळप झऱ्यावर गेला. पाणी पिताना खालून, डोहाच्या झाडीतून, वाघाची डरकाळी आली.

"सुटलो गं बाई!" म्हणत ती म्हैस रेडकाला चाटत राहिली. सगळ्यांच्या जिवात जीव आला.

"त्या दांडग्याला हाकलून द्या!" कुणीतरी म्हणालं.

"हाकलता कशाला?" म्हातारा म्हणाला. "शिंग उगारायचं नाही, एवढी तंबी पुरे."

दुसऱ्या दिवशी दांडगा एकटाच डोहाकडे तोंड करून उभा राहिला. कुणीही त्याला ढुशी दिली नाही. कळप टेकडीकडे निघाला, तसा तोही कुरकुरत मागे गेला.

तात्पर्य: लोकांच्या राज्यात मत कितीही हट्टानं मांडावं, पण दुसऱ्याचं मत धाकानं बंद पाडणाऱ्याला वेळीच अडवावं, आणि तो आपल्याच बाजूचा असेल तर सगळ्यात आधी आपणच अडवावं.