मोकळ्यांच्या मठातली गाठ

“सोडतोस की नाही?”

भिवाबुवांनी पुन्हा विचारलं.

“नाही,” अच्युत म्हणाला.

पंगत जेवता जेवता थांबली. मठात आजवर बुवांना कुणी नाही म्हटलं नव्हतं. आणि म्हणणारा कोण, तर अच्युत. बुवांचा सगळ्यात कडक शिष्य.

त्याच्या ओंजळीत बदकाचं पिल्लू होतं. पिल्लाचे पाय दोन्ही बाजूंना फाकले होते, म्हणून त्यानं ते मऊ चिंधीनं एकमेकांना बांधले होते. मध्ये बोटभर अंतर ठेवून, वर एक गाठ मारून.

ती गाठ हाच गुन्हा होता.

कारण हा मोकळ्यांचा मठ. इथं गाठ मारायची नाही, हा पहिला नेम आणि शेवटचाही. दीक्षा घेताना जानवं, करगोटा तळ्यात सोडायचा, शेंडी मोकळी करायची. धोतर नुसतं खोचायचं. बारवेला दोर नाही, पायऱ्या उतरून घागर भरायची. गाई बांधायच्या नाहीत; त्या लोकांचे मळे खात हिंडायच्या आणि शिव्या मठाला बसायच्या. आम्ही गावातली माणसं हसायचो, पण बुवांच्या पाया पडायला जायचोच.

अच्युत तर नेमाचा राखणदार. एकदा एका लेकुरवाळीनं पोराच्या मनगटाला दृष्टीचा काळा दोरा बांधून आणला, तर यानं तो उंबऱ्यातच सोडायला लावला. ती बाई रडली. याला काही वाटलं नाही.

आणि आता त्याच माणसाच्या हातात गाठ होती.

“नेम ठाऊक आहे ना?” बुवांनी विचारलं.

“तुमच्याइतकाच पाळलाय मी.”

पंगतीत कुणीतरी ‘अरे अरे’ केलं. बुवांनी हात वर केला.

“मग?”

“गाठ सोडली तर हे पुन्हा फाकेल. पोटावर सरपटत राहील, दाण्यापर्यंत पोचणार नाही, मरेल. बांधलं तर उभं राहील. माझ्या मामाकडे बदकं होती, मी पाहिलंय.”

“त्याच्या नशिबातच फाकणं असेल तर?”

“नशीब नाही, बुवा. आपलं कोठीघर आहे. फरशी घोटून घोटून आरशासारखी केलीय, त्यावर पिल्लाचा पाय ठरत नाही. तिथं अजून एक पिल्लू आहे. त्याच्याखाली तरी पोतं टाका, नाहीतर त्याचीही हीच गत होईल.”

“मी गाठीचं विचारतोय.”

“आणि मी पायांचं सांगतोय.”

“इथं राहायचं तर गाठ सोडावी लागेल,” बुवा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता.

अच्युतनं ताट बाजूला सारलं.

“मग इथं राहत नाही.”

त्या दिवशी पंगतीला मीही होतो; खरं सांगतो, हातातला घास मी परत ताटात ठेवला. या माणसानं मठासाठी घरदार सोडलं, बाप गेला तेव्हा मातीलासुद्धा गेला नाही. बुवांच्या मागं गादी त्याचीच, हे गावातलं शेंबडं पोरही सांगायचं. आणि मुठीत मावेल एवढ्या जिवासाठी तो ते सगळं लाथाडून निघाला. मला तोवर हा माणूस कधी आवडला नव्हता. त्या दिवशी आवडला.

मठाच्या फाटकाबाहेर चिंच आहे. तिच्याखाली त्यानं पोतं अंथरलं आणि बसला. मठाकडे पाठ करून नाही, तोंड करून. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला गाठ दिसावी म्हणून पिल्लू समोर ठेवून.

गुरुभाऊ मान खाली घालून जायचे. स्वैपाकाच्या भागाबाई तेवढ्या भाकरी आणून द्यायच्या. मठात फडक्याला गाठ नाही, त्यामुळे चटणी वाटेतच सांडलेली असायची.

“माफी माग रे बाबा,” त्या म्हणायच्या. “म्हातारा माणूस आहे, विरघळेल.”

“कशाची माफी?”

“असा कसा रे तू हेकट.”

“हे पिल्लूही हेकटच आहे. म्हणून जगतंय.”

आणि होतंच ते तसं. तोंडावर आपटायचं, चोच मातीत रुतायची, पुन्हा धडपडायचं. अच्युत मधूनमधून चिंधी सोडायचा, पाय चोळायचा, पुन्हा बांधायचा. पडलं की उचलायचा मात्र नाही. “ऊठ,” एवढंच म्हणायचा. माया करायची कशी हे त्याला कुणी शिकवलं नसावं.

एका सकाळी त्यानं चिंधी सोडली आणि पुन्हा बांधली नाही.

पिल्लू उभं राहिलं. डुललं… सावरलं… आणि डुलत डुलत चिंचेच्या मुळापाशी जाऊन त्यानं एक किडा टिपला.

अच्युत रडला. मी त्याच वाटेनं शेताकडे चाललो होतो, माझ्यासमोर रडला. मग डोळे पुसून त्यानं पिल्लू उचललं, चिंधी मुठीत घेतली आणि सरळ मठात शिरला. शेत कुठं पळून जात नव्हतं. मीही मागोमाग शिरलो.

बुवा ओसरीवर बसले होते, मांडीवर उपरणं ओढून.

अच्युतनं नमस्कार केला नाही. सारवलेल्या जमिनीवर त्यानं पिल्लू सोडलं. ते बुवांच्या पायापर्यंत चालत गेलं.

“पाहा.”

“पाहतोय.”

“मी माफी मागायला आलो नाही.”

“बरं.”

“मला गादी नको, मठात जागाही नको. एवढंच ऐकून ठेवा. पुन्हा असं पिल्लू दिसलं तर पुन्हा बांधेन. इथं बांधेन, तुमच्या डोळ्यांदेखत.”

अच्युतची मान झुकली नव्हती.

बुवांनी मांडीवरचं उपरणं बाजूला केलं.

मांडीवर दुसरं पिल्लू होतं. त्याचेही पाय दोन्हीकडे फाकलेले. कोठीत पोतं कुणी टाकलंच नव्हतं. नेम मोडून गेलेल्याचं ऐकणार कोण?

त्या पायांना भगवी चिंधी गुंडाळली होती, बुवांच्याच छाटीची फाडलेली. तिची टोकं सुटी लोंबत होती. बुवांनी ती धरली, एकावरून एक नेली, ओढली. चिंधी सुटून मांडीवर पडली. पुन्हा नेली… पुन्हा सुटली. बुवा कळत्या वयाच्या आधीच मठात आलेले. त्या बोटांनी उभ्या जन्मात गाठ मारली नव्हती.

अच्युत बघत राहिला. त्याच्या मुठीतली चिंधी खाली पडली.

बुवा थोडे सरकले, शेजारी जागा केली, आणि दोन्ही टोकं त्याच्यापुढं धरली.

“मला येत नाही. शिकव.”